थंडीतले पक्षी: कधी जायचं, कसं बघायचं आणि ग्रुपवर नोंद कशी टाकायची

नोव्हेंबर लागला की आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर दर वर्षी एकच प्रश्न, बदकं आली का? मग कुणीतरी एक फोटो टाकतं, खाली पाच जण विचारतात कुठे, कधी, किती होती, आणि उत्तर एक तर येत नाही किंवा येतं ते "इथेच जवळ". त्या फोटोचा मग कुणालाच काही उपयोग होत नाही, टाकणाऱ्यालाही दोन वर्षांनी आठवत नाही तो कुठला होता ते. मला वाटतं पक्षी दिसणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच तो नीट सांगणंही, म्हणून दोन्हीबद्दल लिहितेय. उदाहरणं महाराष्ट्रातल्या धरणांची, तलावांची आणि खाड्यांची आहेत कारण मी तिथेच फिरते.

आधी वेळेचं. आपल्याला थंडी वाजायला लागते तेव्हा थंडीतले पक्षी येतात असं नसतं, ते कधीच येऊन बसलेले असतात. तुतवार ऑगस्टच्या शेवटीच नदीकाठी शेपटी हलवत फिरायला लागतो, धोबी सप्टेंबरात, भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, त्याही लवकर येतात. बदकं ऑक्टोबरच्या शेवटाला थोडी थोडी आणि नोव्हेंबर-डिसेंबरात भरपूर. पट्टकदंब, म्हणजे मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येणारा तो डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, तो आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत बघायला चांगला. मार्च लागला की परतीची गडबड सुरू. त्यामुळे "डिसेंबरात एक ट्रिप मारू" असं न करता एकच जागा धरून ऑक्टोबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी गेलात तर जे कळतं ते दहा वेगळ्या जागा एकेकदा बघून कळत नाही. ही जागा प्रसिद्ध असायची गरज नाही, गावाबाहेरचा पाझर तलाव पण चालतो.

जायच्या आधी पाणी किती आहे ते विचारा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. पाऊस चांगला झाला की धरण काठोकाठ भरलेलं असतं, काठाला चिखल उरतच नाही, आणि चिखल नाही म्हणजे टिलवे, तुताऱ्या, मळगुजे असे चिखलात चरणारे पक्षी आणि रोहित (फ्लेमिंगो) यांना उभं राहायला जागाच नाही. उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवण, कुंभारगावला डिसेंबरच्या सुरुवातीला जाऊन "रोहित दिसलेच नाहीत" म्हणून परत आलेले बरेच जण मला माहितीयत, आणि तेच लोक पाणी उतरल्यावर फेब्रुवारीत गेले तर समोर थवेच्या थवे. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचं वेगळं आहे, तिथे गोदावरी आणि कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचून पाणी उथळ झालंय, पाणवनस्पती भरपूर आहेत, म्हणून बदकं, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या छान दिसतात, आणि चापडगावच्या मनोऱ्यावरून उंचावरून बघता येतं. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ती, 2020 मध्ये जाहीर झाली, नंतर लोणार आणि मग 2022 मध्ये ठाणे खाडी. खाडीवर जायचं असेल तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात पसरलेले असतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात, पाणी चढायला लागलं की ते काठाकडे सरकतात आणि एकत्र जमतात.

दुसरी गोष्ट सूर्य. सूर्य पाठीमागे पाहिजे. म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, संध्याकाळी उलट. साधी गोष्ट आहे पण चुकीच्या काठावर उभं राहिलात की सगळी बदकं काळी दिसतात आणि मग आकारावरून अंदाज बांधत बसावं लागतं. सकाळी धुकं असेल तर घाई करू नका, थांबा, धुक्यात आवाज छान ऐकू येतात, ते ऐकत बसा, उजेड येईपर्यंत कुठून काय बोलतंय एवढं तरी कळतं.

दुर्बीण कोणती घ्यायची हा प्रश्न रोजचा. 8x42 घ्या. आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची म्हणजे पहाटेच्या कमी उजेडात पण चालते. 10x42 ने थोडं जास्त मोठं दिसतं पण हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि दिसणारा भाग लहान होतो, नवीन माणसाला पक्षी दुर्बिणीत सापडेपर्यंत तो उडून जातो. घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक काम करा जे बहुतेक लोक वर्षानुवर्षं करत नाहीत: उजवी बाजू हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची एखादी पाटी स्पष्ट करा, मग डावी बाजू झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या डोळ्याजवळची रिंग फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. बस्स. आता दोन्ही डोळ्यांना सारखं दिसेल आणि तासाभराने डोकं दुखणार नाही. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत ढकला नाहीतर बघायचं क्षेत्र निम्मं होतं. ग्रुपमध्ये कुणाकडे स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची, जास्त मोठं दाखवणारी एकडोळी दुर्बीण) असेल तर त्या माणसाला विनंती करून सोबत न्या, मोठ्या धरणावर एक स्कोप सहा दुर्बिणींपेक्षा उपयोगी.

माणसं पाच-सहा पुरे. जास्त झाली तर दोन गट करा. कपडे मातकट, हिरवट. पांढरं नको, पांढरं लांबून चमकतं.

काठाकडे सरळ चालत जाऊ नका. तिरकं तिरकं, थांबत थांबत जा आणि पक्ष्यांच्या मानांकडे लक्ष ठेवा. बदकं निवांत असतात तेव्हा माना आत घेतलेल्या असतात, चोच पाठीत खुपसलेली असते. माना ताठ झाल्या, तोंडं एका दिशेला वळली की समजायचं तुम्ही फार जवळ आलात, तिथेच बसून घ्या. टिटवी ओरडायला लागली तर ती सगळ्यांना तुमचीच बातमी सांगतेय, मग दहा-पंधरा मिनिटं हलूच नका. बसून राहिलं की काय होतं तर उलटंच होतं, थोड्या वेळाने पक्षीच तुमच्याकडे सरकतात. माझ्या सगळ्यात चांगल्या नोंदी चालताना नाही, बसलेली असताना झाल्यात.

आता ओळख. नवीन माणूस आधी रंग बघतो आणि तिथेच फसतो, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बऱ्याच जातींचे नर बदक मादीसारखेच तपकिरी असतात, जुनी पिसं टाकून नवीन रंगीत पिसं अजून आलेली नसतात. भुवई बदकाचा नर तर बराच उशिरापर्यंत तसाच राहतो, ती सुंदर पांढरी भुवई शोधत बसलात तर थवा समोर असून ओळखता येणार नाही. म्हणून आधी आकार, मग चोच, मग पाण्यावर बसायची पद्धत, आणि रंग सगळ्यात शेवटी. थापट्या लांबून कळतो, चोच फावड्यासारखी पुढे रुंद, डोकं पाण्याला टेकवून पोहतो आणि बरेच जण मिळून गोल गोल फिरत पाणी गाळतात, असा फिरता गोल दिसला की ते थापटेच. तलवार बदकाची मान लांब बारीक, शेपूट टोकदार. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके, पण ते इथलंच राहणारं, ते दिसलं म्हणून "पाहुणे आले" लिहू नका. वारकरी म्हणजे तो काळा, पांढऱ्या कपाळाचा, तो बदकच नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे, पण थव्यात बदकांबरोबरच असतो आणि लांबून मोजताना बदकांच्या आकड्यात जाऊन बसतो. चक्रवाक मात्र चुकत नाही, केशरी अंग, फिकट डोकं, जोडी जोडीने, आणि आवाज लांबवर जातो.

धोब्यांवर थोडं जास्त लिहिते कारण रोज कुठेतरी दिसतात आणि रोज चुकीचे लिहिले जातात. पिवळं पोट दिसलं की सगळे "पिवळा धोबी" लिहून मोकळे होतात, पण करड्या धोब्याच्या पण पोटाखाली पिवळं असतं. करड्याचं शेपूट खूप लांब, पाठ राखाडी, पाय फिकट गुलाबीसर, आणि तो वाहत्या पाण्याजवळ, ओढ्यात, दगडांवर. पिवळ्याचं शेपूट त्यामानाने आखूड, पाय काळे, पाठ हिरवटसर, आणि तो ओल्या गवतात, गुरांच्या पायात. पांढरा धोबी हिवाळ्यात येतो, चेहरा पांढरा. आणि काळा गळा, काळी पाठ, डोळ्यावर पांढरी भुवई असा जो वर्षभर धरणाच्या भिंतीवर गात असतो तो इथलाच मोठा धोबी. हे चार वेगळे करता आले की तुमच्या हिवाळ्याच्या अर्ध्या याद्या सुधारतात.

चिखलातले छोटे तपकिरी पक्षी बघून लोक घाबरतात. तीनच धरा सुरुवातीला. तुतवाराच्या छातीच्या बाजूने पांढरा रंग पंखासमोर वर शिरलेला असतो आणि तो सारखी शेपटी हलवतो, उडतो पाण्यालगत, पंख ताठ थरथरवत. हिरवी तुतारी उडाली की पंखाखाली काळंभोर आणि कमरेवर ठसठशीत पांढरं. ठिपकेवाली तुतारी उडाली की पंखाखालून फिकट, आणि बसलेली असेल तर भुवई लांब, पाय पिवळसर. एवढं पक्कं झालं की मग टिलव्यांकडे वळा: छोटा टिलवा असेल तर पाय काळे, टेमिंकचा टिलवा असेल तर पिवळसर, पण चिखलाने माखलेले पाय बघून निर्णय देऊ नका, त्याने पाण्यात पाय धुवायची वाट बघा.

थवा एकदम उठला तर आकाशात बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी असणार, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून खाली खाली तरंगत येतो आणि अख्खा तलाव उठतो. भोवत्याने उठवलेला थवा दोन चकरा मारून परत बसतो. माणसाने उठवलेला बरेचदा दुसऱ्या टोकाला जातो किंवा तलाव सोडूनच जातो.

मोजणी. "खूप", "शेकडो", "असंख्य" हे आकडे नाहीत. दहा पक्षी मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा आणि मग तेवढे तेवढे तुकडे पुढे मोजत जा. हजाराच्या थव्यात दहाऐवजी पन्नास किंवा शंभरचा तुकडा घ्या. भोरड्यांसारखा वळवळणारा थवा असेल तर फोटो काढून घरी स्क्रीनवर मोजा, बहुतेक वेळा आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघतो, माझा तरी नेहमी कमीच निघतो. आणि जातीप्रमाणे वेगळं मोजा, "बदकं 400" याचा काही अर्थ नाही, "थापट्या 250, तलवार 90, बाकी ओळखू आली नाहीत 60" याला आहे. ओळखू आली नाहीत हे लिहायला लाजू नका, मला ज्या याद्यांवर जास्त विश्वास वाटतो त्यांत ते वाक्य असतंच.

नोंद तिथेच करा, घरी आल्यावर नाही. ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप) वापरत असाल तर निघताना यादी सुरू करा आणि जे जे ओळखू आलं ते सगळं घाला, कावळा, साळुंकी, चिमणी धरून, फक्त भारी पक्षी नकोत. सगळं लिहिलेली यादी असली तरच पुढे कुणाला कळतं की त्या दिवशी अमुक पक्षी नव्हता, नुसत्या भारी पक्ष्यांच्या यादीतून ते कधीच कळत नाही. आकडा अगदीच माहीत नसेल तर एक्स घालायची सोय आहे पण अंदाजे आकडा एक्सपेक्षा बरा. मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून नाव सुचवलं तर ते सुचवणं समजा, पक्षी दिसल्याशिवाय किंवा आवाज स्वतःला पटल्याशिवाय यादीत नको.

ज्यांना एकट्याने करायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी हिवाळ्यात ठरलेले दिवस आहेत. 5 ते 12 नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह, पाच तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि बारा तारीख सलीम अलींचा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना, 1987 पासून चालू आहे, आणि फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, त्यात तर घराच्या गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने जानेवारीच्या गणनेत कुणा जुन्या माणसाबरोबर जावं, एका सकाळी जेवढं शिकायला मिळतं तेवढं महिनाभर फोटो बघून नाही मिळत.

आता ग्रुपवर टाकायचं. माझं म्हणणं असं की मेसेज असा पाहिजे की वाचणारा त्यावरून काहीतरी ठरवू शकेल. म्हणजे साधारण असा:

"रविवार 12 जाने., सकाळी 7 ते 9:30, तलावाचा पूर्व काठ. पाणी निम्मं, चिखल उत्तरेला. थापट्या 120, भुवई बदक 35 च्या आसपास, शेकाट्या 60, मळगुजा 14, दलदली भोवत्या 1 (मादी वाटली). एक तुतारी नक्की नाही, फोटो खाली, सांगा. चक्रवाक मागच्या वेळी 8 होते, आज एकही नाही."

यात बघा, तारीख आहे, वेळ आहे, आकडे आहेत, शंका आहे आणि काय नव्हतं तेही आहे. फोटो धुरकट असला तरी टाका, ओळखीसाठी तो पुरतो, उलट रंग वाढवलेला फोटो टाकू नका, पायाचा आणि चोचीचा खरा रंगच त्यात बदलतो. दुसऱ्याकडून आलेला फोटो असेल तर तसं लिहा आणि तो आजचाच आहे का ते विचारून मगच पुढे पाठवा. जुने फोटो दर हिवाळ्यात नवीन होऊन फिरतात आणि लोक दीडशे किलोमीटर जाऊन रिकाम्या हाताने येतात.

ओळख चुकली आणि कुणी दुरुस्त केली तर मूळ मेसेजखालीच दुरुस्ती लिहा, मेसेज उडवून टाकू नका. मी एकदा लांबून एक बदक बघून मोठी लालसरी म्हणून टाकलं होतं, एका जुन्या निरीक्षकाने चोचीचा रंग विचारला, मी परत फोटो मोठा करून बघितला तर चोच लाल नव्हतीच, ती छोटी लालसरी होती. ती दुरुस्ती तिथे राहिली म्हणून नंतर दोघा-तिघांना त्याच प्रश्नाचं उत्तर आयतं मिळालं.

पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं रंगीत कडं किंवा झेंडीसारखी पट्टी, हंसाच्या मानेत पट्टा असं काही दिसलं तर बाकी सगळं सोडून ते नीट बघा. रंग कोणता, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर का खाली, अक्षरं-आकडे वाचता आले तर कोणते. फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, कुठे कडं घातलं, कधी घातलं हे त्यातून कळतं. पकडायचा प्रयत्न अर्थातच नाही. मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात लावू नका, वन विभागाचा हॅलो फॉरेस्टचा 1926 नंबर आहे, त्यावर सांगा.

आणि लोकेशन. बदकांचं, रोहितांचं लोकेशन बिनधास्त द्या, त्या जागा सगळ्यांना माहीत आहेत आणि जास्त डोळे असले तर जागेवर लक्ष पण राहतं. पण घुबड, घरटं, माळरानावर जमिनीवर बसणारा पक्षी यांचं लाइव्ह लोकेशन मोठ्या ग्रुपवर अजिबात नको. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपवर माळावर हिवाळ्यात आलेल्या आखूड कानाच्या घुबडाची नेमकी जागा पडली, पुढच्या रविवारी गवतात गाड्या घातल्या होत्या, घुबड दिवसा गवतातच बसतं, ते सारखं उठवलं गेलं, आणि त्या मोसमात ते तिथे परत दिसलं नाही. टाकणाऱ्याचा हेतू चांगला होता, आनंद वाटायचा होता त्याला. म्हणून असं काही दिसलं तर नोंद करा, तालुका लिहा, नेमकी जागा नको, आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर पक्षी गेल्यावर टाका.

होडीतून जात असाल तर निघण्याआधीच नावाड्याला सांगा की थवा उडवायचा नाही. उडते फोटो मिळावेत म्हणून होडी थव्यात घालायची सवय काही ठिकाणी पडलीय, आणि ती आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनीच लावलीय, त्यामुळे बंदही आपणच करू शकतो. पट्टकदंबाला मार्चमध्ये परत हिमालय चढायचाय, त्यासाठीची चरबी तो इथे खाऊन साठवतो, दिवसातून पाच वेळा उडवला तर ती कशी साठणार. आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलवणं, ड्रोन, दाणे टाकून जवळ आणणं हे पण नको. अभयारण्यात तर वन विभागाचे नियम आहेतच, पण बाहेरच्या तलावावर कुणी बघत नाही म्हणून तिथे चालतं असं नाही.

शेवटी मार्चचं एक काम, जे फार कमी लोक करतात. पहिला थापट्या कधी दिसला हे सगळे लिहितात, शेवटचा कधी दिसला हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही, कारण शेवटचा दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे आपल्याला माहीतच नसतं. त्यासाठी बदकं कमी झाल्यावरही जात राहावं लागतं, मार्चभर, एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, ऊन तापायच्या आत तासभर, आणि प्रत्येक वेळी लिहायचं, थापट्या 40, थापट्या 11, थापट्या 2, आणि मग एके सकाळी काहीच नाही, तेही लिहायचं.